सर वॉल्टर स्कॉट : लेखणीनें फेडलेलें कर्ज

स्कॉटलंडमधील एका जुन्या बँकेच्या नोटांवर एका कादंबरीकाराचें चित्र छापलेलें असतें. एडिंबरो शहराच्या हमरस्त्यावर सुमारें २०० फूट उंचीचें एक दगडी स्मारक आहे. त्याच्या कमानीखालीं तोच कादंबरीकार आपल्या आवडत्या कुत्र्याला पायाशीं घेऊन बसलेला दिसतो. जवळच्या आगगाडीच्या स्टेशनास त्याच्या पहिल्या कादंबरीचें नांव दिलेलें आहे. एवढा मान राजांना व सेनापतींनाहि क्वचितच लाभतो. आणि तरीहि, ज्याचें चित्र नोटेवर आहे तो हा मनुष्य मरण पावला तेव्हां कर्जांत होता, व त्याच्या आयुष्याचीं अखेरचीं सहा वर्षें तें कर्ज फेडण्यांतच खर्च झालीं होतीं. सर वॉल्टर स्कॉट याचें हें चरित्र विद्यार्थ्यांनीं व त्यांच्या पालकांनींहि मनन करण्यासारखें आहे. कारण त्यांत मोठेपणा आहे तशी चूकहि आहे, आणि चूक ध्यानांत आल्यावर मनुष्यानें कसें वागावें याचें उदाहरणहि आहे.

वॉल्टर स्कॉटचा जन्म १५ ऑगस्ट १७७१ रोजीं एडिंबरो येथें झाला. वडील वकिलीचा धंदा करीत. ते शिस्तप्रिय, धर्मनिष्ठ व व्यवहारांत चोख होते. आई तेथील विद्यापीठांतील वैद्यकाच्या एका प्राध्यापकाची कन्या होती. या दांपत्याचीं बरींच मुलें बालपणींच दगावलीं. वॉल्टर दीड वर्षाचा असतां त्यालाहि मोठा ताप आला. ताप उतरला, पण उजवा पाय कायमचा अधू करून गेला. हल्लींचे वैद्य त्या दुखण्यास पोलिओ म्हणतात. शहरांतील उपचार थकले, तेव्हां मोकळ्या हवेसाठीं मुलाला त्याच्या आजोबांच्या सँडीनो येथील शेतावर पाठविण्यांत आलें.

हें शेत इंग्लंड व स्कॉटलंड यांच्या सरहद्दीच्या मुलुखांत होतें. शेंकडों वर्षें दोहोंकडील टोळ्यांनीं येथें गुरें पळविलीं, गढ्या जाळल्या व एकमेकांचे सूड उगविले. शेताजवळच्या खडकावर स्मेलम नांवाचा एक जुना बुरूज उभा होता. शेतावरचा मेंढपाळ त्या लंगड्या मुलाला उचलून टेकडीवर नेई व मेंढ्या चरत तेथें गवतावर ठेवी. संध्याकाळीं जेनी आत्या त्याला जुने पोवाडे म्हणून दाखवी, आणि आजी सरहद्दीवरच्या धाडसी पुरुषांच्या कथा सांगे. वाचतां येण्यापूर्वींच एक मोठा पोवाडा त्याला तोंडपाठ झाला होता. दुसऱ्या मुलांचे पाय धांवत होते त्या वयांत याचें मन मागच्या शतकांतून धांवत होतें. आजारानें जें हिरावून घेतलें त्याच्या मोबदल्यांत त्या टेकडीनें त्याला दुसरें कांहीं दिलें, असें त्याचें पुढील आयुष्य पाहतां म्हणावेंसें वाटतें.

१७७९ सालीं त्याला एडिंबरोच्या हायस्कुलांत घातलें. वर्गांतील त्याचा नंबर कधीं वर तर कधीं खालीं असे. परंतु गोष्टी सांगण्यांत त्याची बरोबरी करणारा कोणी नव्हता. थंडीच्या दिवसांत खेळ बंद असले म्हणजे मुलें त्याच्याभोंवतीं गोळा होत. लंगडा म्हणून मागें राहणें त्याला मुळींच मान्य नसे. कडे चढण्यांत तो धडधाकट मुलांच्या पुढें असे. कांहीं दिवस तो केल्सो गांवच्या शाळेंत होता. तेथें बिशप पर्सी यांनीं जमविलेल्या जुन्या पोवाड्यांचा ग्रंथ त्याच्या हातीं लागला. एका झाडाखालीं बसून तो वाचतां वाचतां त्याची जेवणाची वेळ टळून गेली, आणि खादाड वयाच्या त्या मुलाला भुकेची आठवणहि झाली नाहीं. याच केल्सोच्या शाळेंत जेम्स बॅलंटाइन नांवाचा मुलगा त्याचा मित्र झाला. हें नांव वाचकांनीं लक्षांत ठेवावें. पुढें त्याचा संबंध येणार आहे.

तो पंधरा वर्षांचा असतांनाची एक आठवण सांगण्याजोगी आहे. स्कॉटलंडचा लोकप्रिय कवि रॉबर्ट बर्न्स त्या वेळीं एडिंबरोस आला होता. एका प्राध्यापकांच्या घरीं विद्वानांची बैठक होती व कांहीं मुलांनाहि तेथें बसण्याची परवानगी मिळाली होती. भिंतीवर एक चित्र होतें : बर्फांत मरून पडलेला शिपाई, जवळ त्याचा कुत्रा, आणि मूल घेऊन बसलेली विधवा. चित्राखालच्या काव्यपंक्ति वाचून बर्न्सचे डोळे भरून आले. या ओळी कोणाच्या, असें त्यानें विचारलें. एवढ्या विद्वानांत कोणालाच तें सांगतां येईना. स्कॉटनें मात्र हळूच आपल्या मित्राच्या कानांत कवीचें नांव सांगितलें, व तें बर्न्सच्या कानीं गेलें. बर्न्सनें त्या मुलाकडे कौतुकानें पाहिलें व एक आदराचा शब्द काढला. तो क्षण स्कॉट जन्मभर विसरला नाहीं.

१७८६ सालीं वडिलांनीं त्याला आपल्याच कचेरींत उमेदवार म्हणून घेतलें. कागदांच्या नकला करण्याचें काम कंटाळवाणें. परंतु त्याचे पैसे मिळत व त्यांतून पुस्तकें घेतां येत. एकदां त्यानें अन्नपाणी व विश्रांति यांवांचून मोठ्या आकाराचीं १२० पानें एका बैठकींत लिहून काढलीं. भरभर व नेटानें लिहिण्याची ही संवय त्याच्या पुढें फार उपयोगीं पडली. याच काळांत कामानिमित्त तो डोंगरी मुलुखांत जाऊं लागला. १७४५ सालीं राजपुत्र चार्ल्स एडवर्ड यानें गादीसाठीं जें बंड केलें, त्यांत तरवार गाजविलेला एक वृद्ध सरदार त्याच्या वडिलांचा अशील होता. त्याच्या तोंडून स्कॉटनें त्या बंडाची हकीकत ऐकली. पुस्तकांतला इतिहास आणि म्हाताऱ्या माणसाच्या आवाजांतला इतिहास यांतील अंतर त्याला तेव्हांच उमगलें.

१७९२ सालीं तो वकील झाला. त्यानंतर सात वर्षें, सवड मिळेल तेव्हां, तो लिड्सडेलच्या दरीखोऱ्यांत घोड्यावरून हिंडे. तेथें चांगली सडक नव्हती, उतरावयास खाणावळ नव्हती. मेंढपाळांच्या झोंपड्यांत व शेतकऱ्यांच्या घरीं मुक्काम करून तो जुने पोवाडे उतरवून घेई. १७९७ सालीं त्यानें शार्लट शार्पंतिये या फ्रेंच कुळांतील तरुणीशीं विवाह केला. १७९९ सालीं तो सेल्कर्क परगण्याचा शेरीफ, म्हणजे न्यायाधिकारी, झाला. १८०२ व १८०३ या सालीं त्याचा सरहद्दीवरील पोवाड्यांचा संग्रह प्रसिद्ध झाला. आपल्याकडे शाळिग्राम व अॅक्वर्थ यांनीं १८९१ सालीं मराठी पोवाड्यांचा संग्रह प्रसिद्ध करून जें काम केलें, त्याच जातीचें हें काम होय. मात्र जेथें पोवाडा तुटका मिळे तेथें स्कॉट पदरच्या ओळी घालून तो सांधीत असे. संशोधक याबद्दल त्याला दोष देतात, व तो योग्य आहे. परंतु जुन्या वस्तूची मोडलेली कड आपल्या कल्पनेनें भरून काढण्याची हीच वृत्ति पुढें त्याच्या कादंबऱ्यांची जननी झाली.

त्यानंतर त्यानें स्वतः दीर्घ कथाकाव्यें लिहिलीं. १८०५, १८०८ व १८१० सालीं प्रसिद्ध झालेल्या तीन काव्यांनीं तो सर्व देशांत गाजला. 'लेडी ऑफ दि लेक' हें काव्य वाचून त्यांतील सरोवर पाहावयास प्रवाशांच्या झुंडी लोटल्या. पण १८१२ सालीं बायरन या तरुण कवीचा उदय झाला, आणि वाचकांचें लक्ष तिकडे वळलें. स्कॉटनें मत्सर केला नाहीं. आपल्यापेक्षां बायरन मोठा कवि आहे हें त्यानें मोकळ्या मनानें मान्य केलें. १८१३ सालीं राजकवीचें पद त्याला देऊं केलें असतां तेंहि त्यानें नाकारलें, व तें सदी या कवीस मिळालें.

मग पुढें काय करावें? १८०५ सालीं त्यानें एका गद्यकथेचीं कांहीं प्रकरणें लिहिलीं होतीं. एका मित्रास तीं पसंत न पडल्यामुळें हस्तलिखित बाजूला पडलें होतें. पुढें एक दिवस मासे धरण्याचें सामान शोधतांना जुन्या मेजाच्या खणांत तें सांपडलें. १८१४ च्या उन्हाळ्यांत त्यानें त्या कथेचे शेवटचे दोन खंड तीन आठवड्यांत पुरे केले. त्या दिवसांतील एक गोष्ट प्रसिद्ध आहे. समोरच्या घरांत कांहीं तरुण वकील मेजवानीस जमले होते. त्यांपैकीं एकाची नजर खिडकींतून सारखी पलीकडे जाई व तो अस्वस्थ होई. पलीकडच्या खिडकींत केवळ एक हात दिसत होता. तो हात पान लिहून बाजूस टाकी, दुसरें घेई, पुन्हां लिही. दिवे लागले तरी तो थांबत नव्हता. तो एखाद्या कारकुनाचा हात असेल, असें कोणी म्हणालें. तो स्कॉटचा हात होता, हें मागाहून कळलें.

ती कादंबरी म्हणजे 'वेव्हर्ली'. ७ जुलै १८१४ रोजीं ती निनांवी प्रसिद्ध झाली. १००० प्रतींची पहिली आवृत्ति पांच आठवड्यांत संपली. त्यानंतर 'वेव्हर्लीचा कर्ता' एवढ्याच ओळखीवर एकामागून एक कादंबऱ्या बाहेर पडूं लागल्या : 'गाय मॅनरिंग', 'अँटिक्वेरी', 'ओल्ड मॉर्टॅलिटी', 'रॉब रॉय', 'हार्ट ऑफ मिडलोथियन', आणि १८१९ च्या अखेरीस 'आयव्हॅन्हो'. कर्ता कोण, याबद्दल देशभर तर्क चालले. छापखान्यांतील कामगारांना अक्षर ओळखूं येऊं नये म्हणून हस्तलिखिताची नक्कल करून मग ती जुळावयास देत. कोणी सरळ विचारल्यास स्कॉट इन्कार करी. हें गुपित त्यानें १८२७ पर्यंत पाळलें.

आतां त्याच्या लेखनशैलीविषयीं थोडें सांगितलें पाहिजे. स्कॉटच्या पूर्वींहि जुन्या काळच्या कथा लिहिल्या जात. पण त्यांतील माणसें जुना पोशाख घातलेलीं आजचीं माणसें असत. स्कॉटनें दाखविलें कीं, काळ बदलतो तसे मनुष्याचे विचार, भय, निष्ठा व बोलणेंहि बदलतें. त्याची मांडणी ठराविक आहे. पुढें एक साधा, मध्यम योग्यतेचा तरुण नायक असतो. तो दोन भांडणाऱ्या पक्षांच्या मध्यें सांपडतो, व त्याच्या डोळ्यांनीं आपण दोन्ही बाजू पाहतों. राजे व सेनापति मागच्या बाजूस असतात. ते थोडा वेळ येतात आणि जातात. यामुळें इतिहास हा केवळ राजांचा न राहतां सर्वांचा होतो. भिकारी, जिप्सी बाई, डुकरें राखणारा गुलाम, राजवाड्यांतील विदूषक यांना त्याच्या ग्रंथांत स्वतःचा आवाज आहे. गरीब स्कॉच माणसें आपल्याच बोलींत बोलतात, आणि बहुधा ग्रंथांतील उत्तम संवाद त्यांचेच असतात. 'आयव्हॅन्हो'मध्यें लोकांच्या तिरस्कारास पात्र झालेली रिबेका ही यहुदी तरुणी सर्व सरदारांहून थोर ठरते. मरण समोर असतांहि ती आपला धर्म सोडीत नाहीं.

ही मांडणी पुढें सर्व जगानें उचलली. फ्रान्समध्यें बाल्झाक व ड्यूमा, इटलींत मान्झोनी यांच्यावर तिची छाप पडली. मराठींतील पहिली ऐतिहासिक कादंबरी, गुंजीकरांची 'मोचनगड', १८७१ सालीं, म्हणजे स्कॉटच्या जन्मानंतर बरोबर शंभर वर्षांनीं प्रसिद्ध होऊं लागली. हरिभाऊ आपट्यांच्या 'उषःकाल'चे वाचक तरुण नायकाच्या मागें शिवाजीमहाराजांचा काळ उभा राहिलेला पाहतात, तेव्हां तेहि याच मार्गानें चाललेले असतात. स्वतः स्कॉटनें 'सर्जन्स डॉटर' या कथेंत हैदरअल्लीच्या म्हैसूरचें चित्र काढलें आहे. पण हिंदुस्थान त्यानें कधीं पाहिलेला नव्हता, व पाहिलेल्या मुलुखाचें वर्णन करतांना त्याच्या लेखणीला जो जोर येतो तो येथें दिसत नाहीं.

त्याचे दोषहि उघड आहेत. त्याच्या कथेचा आरंभ लांबलचक असतो. अधीर विद्यार्थी तेथेंच पुस्तक मिटतो. नायक पुष्कळदां फिका असतो. लिहिलेलें पुन्हां वाचून सुधारण्याचा त्याला कंटाळा असे. तारखांची तो फारशी पर्वा करीत नसे. 'केनिलवर्थ'मध्यें १५७५ च्या समारंभांत त्यानें जिला आणलें आहे ती एमी रॉब्सार्ट १५६० सालींच वारली होती. म्हणून स्कॉट वाचून परीक्षेंत इतिहासाचीं उत्तरें लिहूं नयेत. परंतु इतिहासाची गोडी लागण्यास त्याच्यासारखा दुसरा गुरु मिळणें कठीण आहे.

त्याच्या सर्व पात्रांत एक पात्र या चरित्राच्या दृष्टीनें महत्त्वाचें आहे. 'हार्ट ऑफ मिडलोथियन'मधील जीनी डीन्स ही गरीब शेतकऱ्याची मुलगी. तिच्या धाकट्या बहिणीवर खुनाचा आरोप येतो. बहिणीनें आपल्याजवळ एक गोष्ट बोलून दाखविली होती, एवढेंच जीनीनें साक्षींत सांगावयाचें, कीं बहिणीचा जीव वांचला. पण बहीण तसें बोललेली नव्हती. जीनी शपथेवर खोटें बोलत नाहीं; बहिणीला फांशीची शिक्षा होते. मग तीच जीनी बव्हंशीं पायीं लंडनपर्यंत जाते, राणीपुढें उभी राहते आणि बहिणीसाठीं क्षमा मिळविते. हेलन वॉकर नांवाच्या खऱ्या स्त्रीच्या हकीकतीवरून स्कॉटनें हें पात्र रचलें. १८३१ सालीं, स्वतः आजारी असतांना, त्यानें तिच्या थडग्यावर स्मृतिशिला बसविली. सत्य सोडावयाचें नाहीं, आणि त्याची जी किंमत पडेल ती स्वतःच्या पायांनीं चालून द्यावयाची, हा त्या कथेचा भावार्थ होय. तें लिहीत असतांना, आपल्यालाहि अशीच वाट चालावी लागेल हें स्कॉटला माहीत नव्हतें.

१८११ सालीं त्यानें ट्वीड नदीच्या कांठीं सुमारें ११० एकरांचें एक शेत घेतलें. मेलरोजच्या मठांतील साधु पूर्वीं येथें नदीच्या उतारावरून पलीकडे जात, म्हणून त्यानें त्या जागेस 'अॅबट्सफर्ड' हें नांव दिलें. हळूहळू लहान घराचा वाडा झाला. भिंतींवर जुनीं शस्त्रें व चिलखतें आलीं, हजारों ग्रंथांचें ग्रंथालय झालें, आणि शेजारच्या जमिनी घेतां घेतां इस्टेट १४०० एकरांवर गेली. माळावर त्यानें असंख्य झाडें लाविलीं. दारीं पाहुण्यांचा खळ नसे. चाकरांना तो घरच्या माणसांप्रमाणें वागवी. टॉम पर्डी नांवाचा मनुष्य चोरून शिकार केल्याबद्दल आरोपी म्हणून त्याच्यापुढें आला होता. स्कॉटनें त्यालाच नोकरीस ठेवलें, व तो अखेरपर्यंत इमानी सेवक राहिला. १८२० सालीं स्कॉटला 'सर' हा किताब मिळाला.

या वैभवासाठीं लागणारा पैसा कोठून येई? लेखणींतून, पण पुष्कळदां न लिहिलेल्या ग्रंथांवर. येथें केल्सोच्या मित्राचें नांव पुन्हां येतें. जेम्स बॅलंटाइनच्या छापखान्यांत स्कॉट १८०५ पासून गुप्त भागीदार होता. वकिलीच्या व सरकारी कामाच्या माणसानें धंदा करणें त्या काळीं शोभत नसे, म्हणून ही गोष्ट झांकून ठेवलेली होती. छापखाना आणि प्रकाशक कॉन्स्टेबल यांच्यामध्यें हुंड्यांचा व्यवहार चाले. एकानें दुसऱ्याच्या हुंडीवर सही करावयाची, दुसऱ्यानें पहिल्याच्या. कॉन्स्टेबलनें तर ज्यांचीं नांवेंहि ठरलीं नव्हतीं अशा कादंबऱ्यांबद्दल हुंड्या लिहून दिल्या, आणि त्यांवर स्कॉटनें जमीन घेतली. जुन्या बुरुजाची मोडकी कड कल्पनेनें भरून काढणारा हा मनुष्य हिशेबाच्या वहींतील खिंडारहि तसेंच भरूं पाहत होता. जुन्या पोवाड्यांत तें खपलें. सावकारी व्यवहारांत खपणारें नव्हतें.

१८२५ च्या अखेरीस लंडनच्या बाजारांत मोठी मंदी आली. कॉन्स्टेबलशीं जोडलेली तेथील पेढी बुडाली. तिच्या ओढीनें कॉन्स्टेबल बुडाला, आणि त्याच्या ओढीनें बॅलंटाइनचा छापखाना. जानेवारी १८२६ मध्यें स्कॉटला कळलें कीं, आपल्या डोक्यावर सुमारें १,२०,००० पौंडांचें कर्ज आहे. तो त्या वेळीं ५४ वर्षांचा होता.

कायद्यानें त्याला एक सोपी वाट मोकळी होती. दिवाळें काढावें, आहे तेवढें धनकोंना वांटून द्यावें, व उरलेल्या कर्जांतून मोकळें व्हावें. स्वतः वकील असल्यामुळें ती वाट त्याला चांगली ठाऊक होती. त्यानें ती घेतली नाहीं. मित्रांनीं पैसे देऊं केले. मुलींना हार्प वाजविण्यास शिकविणारा एक गरीब शिक्षक आपल्या आयुष्यभराच्या सांठ्यांतून पांचसहाशें पौंड देण्यास पुढें आला. स्कॉटनें सर्वांचे आभार मानले आणि कोणाचेंहि कांहीं घेतलें नाहीं. त्यानें धनकोंपुढें एकच मागणी ठेवली : मला वेळ द्या, मी लिहून सर्व रक्कम फेडीन. त्यांनीं ती मान्य केली. एडिंबरोचें घर विकलें गेलें, बडेजाव बंद झाला. जुन्या खानसाम्यानें मात्र पगारावांचून राहीन, पण जाणार नाहीं असें सांगितलें. त्याच वर्षीं १५ मे रोजीं त्याची पत्नी अॅबट्सफर्ड येथें निवर्तली. न्यायालयाच्या कामासाठीं तो तेव्हां एडिंबरोस भाड्याच्या खोल्यांत राहत होता.

त्यानें लेखणी खालीं ठेवली नाहीं. भल्या पहाटे उठून न्याहारीपूर्वीं दिवसाच्या कामाचा मोठा वांटा उरकण्याची त्याची जुनी शिस्त होती. आतां तो रात्रींहि लिहूं लागला. आपत्तीच्या त्याच दिवसांत 'वुडस्टॉक' पुरी झाली; तिचे आठ हजार पौंडांहून अधिक धनकोंना मिळाले. १८२७ सालीं नेपोलियनचें नऊ खंडांचें चरित्र आलें. त्याचे १८,००० पौंड झाले. दोन वर्षांत जवळजवळ ४०,००० पौंड त्यानें धनकोंच्या हवालीं केले. आपल्या आजारी नातवासाठीं त्यानें स्कॉटलंडच्या इतिहासाच्या गोष्टी लिहिल्या. १८२९ पासून सर्व कादंबऱ्यांची टीपांसह नवी आवृत्ति दरमहा एक खंड याप्रमाणें, पांच शिलिंगांस एक, निघूं लागली व तिचा मोठा खप झाला. याच काळांत सरकारनें स्कॉच बँकांच्या एक पौंडाच्या नोटा बंद करण्याचें ठरविलें, तेव्हां त्याविरुद्ध त्यानें जोरदार पत्रें लिहून त्या वांचविल्या. नोटेवर त्याचें चित्र आहे तें यामुळें.

परंतु शरीर थकलें. १८३० च्या फेब्रुवारींत त्याला पक्षाघाताचा पहिला झटका आला, व पुढच्या वर्षीं पुन्हां आला. अक्षर वांकडें होऊं लागलें, वाक्यें विस्कळित होऊं लागलीं. त्या स्थितींत लिहिलेल्या शेवटच्या दोन कादंबऱ्या वाचवत नाहींत, हें खरें आहे. ज्याच्या प्रतिभेनें कर्ज फेडावयाचें त्या प्रतिभेसच कर्जानें खाल्लें. १८३० च्या डिसेंबरांत धनकोंनीं कृतज्ञता म्हणून त्याचे ग्रंथ व घरांतील सामान त्याला परत भेट दिलें. १८३१ च्या ऑक्टोबरांत सरकारनें त्याला हवापालटासाठीं आपल्या लढाऊ जहाजांतून माल्टा व नेपल्सकडे पाठविलें. तेथें त्याच्या मनानें घेतलें कीं, आपलें सर्व कर्ज फिटलें. तें खरें नव्हतें. पण जवळच्या माणसांनीं तो भ्रम मोडला नाहीं.

१८३२ च्या जुलैमध्यें त्याला घरीं आणलें. एके दिवशीं त्यानें आपल्याला मेजापाशीं बसविण्यास सांगितलें. मुलीनें हातांत लेखणी दिली. बोटांना ती धरवेना, ती कागदावर पडली. तो मागें टेकला व त्याच्या डोळ्यांतून आंसवें ओघळलीं. खिडकींतून दिसलेला तो न थांबणारा हात अखेर थांबला होता. २१ सप्टेंबर १८३२ रोजीं, वयाच्या ६१ व्या वर्षीं, मुलें भोंवतीं असतां त्यानें प्राण सोडला. खिडकी उघडी होती व ट्वीड नदीचा आवाज आंत येत होता. ड्रायबर्गच्या जुन्या मठाच्या आवारांत त्याला पुरण्यांत आलें.

त्याच्या मृत्यूपर्यंत निम्म्याहून अधिक कर्ज फिटलें होतें. उरलेलें त्याच्या आयुष्याच्या विम्याच्या २२,००० पौंडांतून आणि प्रकाशक कॅडेल यानें ग्रंथांच्या हक्कांवर उचल दिलेल्या रकमेंतून १८३३ सालीं धनकोंना देण्यांत आलें. आणि १८४७ सालीं कॅडेलचें देणेंहि ग्रंथांच्या हक्कांनींच पुरें झालें. त्याच १८४७ सालीं त्याचा वडील मुलगा, दुसरा सर वॉल्टर, हिंदुस्थानांतील लष्करी नोकरीवरून परततांना जहाजावर वारला. ज्या वंशाच्या वैभवासाठीं एवढी जमीन जमविली, तो पुरुषवंश तेथें संपला. कर्ज फिटलें तें मात्र कायमचें फिटलें.

पालकांनीं या चरित्रांत एक इशारा पाहावा. स्कॉट व्यसनी नव्हता, लबाड नव्हता, आळशी तर मुळींच नव्हता. तरी ऐपतीपुढें हात पसरल्यानें आणि व्यवहार झांकून ठेवल्यानें त्याच्यावर संकट आलें. जी भागीदारी उघड सांगतां येत नव्हती ती करावयासच नको होती. विद्यार्थ्यांनीं दुसरी गोष्ट पाहावी. आपली चूक त्यानें बाजाराच्या मंदीवर किंवा मित्रावर ढकलली नाहीं. सही माझी आहे, तर देणें माझें आहे, एवढाच त्याचा हिशेब होता. आपल्यापुढें एवढ्या मोठ्या रकमेचें कर्ज बहुधा येणार नाहीं. परंतु दिलेला शब्द, घेतलेलें पुस्तक, अर्धें टाकलेलें काम, हीं देणीं रोजच आपल्या नांवावर चढत असतात. ग्रंथालयांतून 'आयव्हॅन्हो' किंवा 'हार्ट ऑफ मिडलोथियन' घरीं न्याल, तेव्हां पहिलीं लांबलेलीं प्रकरणें सोशिकपणें वाचा. जीनी डीन्स लंडनच्या वाटेस लागली कीं तुम्हीहि तिच्यामागून जाल. आणि जिनें खोटें न बोलतां वाट चालून दाखविली, तिचा कर्ताहि आयुष्याच्या अखेरीस तीच वाट चालून गेला, हें तुमच्या लक्षांत येईल.